हात पोचतो तिथवर

बैलगाडीच्या साट्याखाली बांबूचं एक नळकं लटकत असायचं. तोंडाला चिंधीचा बोळा कोंबलेला आणि आत वंगण. गवताची काजळी एरंडेलात कालवून आमचे आजोबा ते घरीच करायचे. लांबच्या गावाला निघायच्या आधी गाडी एका अंगाला कलवायची, कुणी काढायची, चाक जरासं बाहेर ओढायचं आणि बोटानं आसाला वंगण लावायचं. वंगण कमी पडलं की चाक कुरकुरायचं. ते आधी बैलाला कळायचं, मग गाडीवानाला. माणूस आणि त्याचं यंत्र यांच्यात त्या काळी एका बोटाचं अंतर होतं.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत हे अंतर कसं वाढत गेलं ते मला सांगायचं आहे. मी काही इतिहासाचा मास्तर नाही. १९७६ साली दहावी झालो आणि कन्नड तालुक्यात घरच्या कोरडवाहू रानात उतरलो ते आजतागायत. पण ज्या लोखंडाच्या जिवावर आमची शेती चालली, त्याचा इतिहास शेतकऱ्यानं नाही सांगायचा तर कुणी सांगायचा? आणि तो सांगायला मी वस्तूही लहान निवडली आहे. ऑइल फिल्टर. दोन-चारशे रुपयांचा पत्र्याचा डबा, लहान तांब्याएवढा. आमच्या घरच्या डिझेल फोर व्हील गाडीत हा डबा अशा सांदीत बसवलाय की बदलायला गेलं तर अर्धा दिवस जातो आणि कोपरं सोलून निघतात. तो तिथं कसा जाऊन बसला, हे कळायला जरा मागं जावं लागतं.

आमच्या भागात बैलानंतरचं पहिलं यंत्र विहिरीवर आलं. निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या शेतकऱ्याला लोखंड फार दिसलं नाही. तिकडं पश्चिमेला किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर, साताऱ्याच्या कूपर कारखान्याचं देशी डिझेल इंजिन, १९४६ साली पुण्यात निघालेला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनचा कारखाना, असं बरंच काही चाललेलं. आमच्याकडं १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि मग हळूहळू तगाईवर इंजिनं यायला लागली. आमच्या वडिलांनी घेतलेलं इंजिन पाच हॉर्सपॉवरचं. हँडल मारून चालू करायचं. त्याचा ठोका मैलभर ऐकू यायचा आणि कुणाच्या विहिरीवर पाणी चाललंय हे ठोक्यावरून ओळखायचं.

डिझेल इंजिनाची गोष्ट शेतकऱ्याला जवळची वाटावी अशीच आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचं इंजिन १८९७ साली नीट चाललं, आणि तीनच वर्षांनी, १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात, तसलं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. म्हणजे भुईमुगाच्या शेंगा काढणाऱ्या माणसानं डिझेल इंजिनाला परकं मानायचं कारण नाही.

विहिरीवरच्या त्या इंजिनाला आजच्यासारखा फिल्टर नव्हता. खाली तेलाचं चेंबर, त्यात जाळी, बाजूला ड्रेनचा नट. वडील नट काढून काळं तेल घमेल्यात सोडायचे, चेंबर रॉकेलनं धुवायचे, चिंधीनं पुसायचे आणि नवं तेल ओतायचे. जुनं तेल धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून ठेवायचे. दोन दिवसांनी गाळ खाली बसला की वरचं तेल बैलगाडीच्या आसाला. म्हणजे आमच्या घरात ऑइल फिल्टर होता, फक्त तो धोतराचा होता.

खरा फिल्टर अमेरिकेत निघाला. अर्नेस्ट स्वीटलँड नावाच्या माणसानं १९२३ च्या सुमारास मोटारीसाठी तो काढला आणि त्याला नाव दिलं प्युरोलेटर. तेल पंपातून निघाल्यावर शुद्ध होऊन पुढं जातं, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती जोडणी. त्याआधी इंजिनात एकच तेल फिरत राहायचं आणि त्याबरोबर लोखंडाचा कीस, धूळ, काजळीसुद्धा फिरायची. सुरुवातीचे फिल्टर सगळं तेल गाळत नसत. थोडं तेल बाजूला काढून गाळायचं आणि परत चेंबरात सोडायचं, अशी ती रीत. कालव्याला एक चारी काढावी तसं. नंतर सगळंच तेल फिल्टरमधून जाऊ लागलं. त्यात एक धोका होता. फिल्टर चोंदला तर बेरिंगला तेल जाणारच नाही. म्हणून आत एक झडप ठेवली. कागद चोंदला की ती उघडते आणि न गाळलेलं तेल तसंच पुढं जातं. उपाशी राहण्यापेक्षा खरकटं बरं, असा तो हिशेब. पण ही झडप उघडी आहे हे गाडी चालवणाऱ्याला कळत नाही. दिवा लागत नाही, आवाज येत नाही. इंजिन गुपचूप गाळ पीत राहतं. पुढं मी जे सांगणार आहे त्यासाठी ही झडप ध्यानात ठेवा.

आता जीप. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेनं फौजेसाठी लाखांनी जीपा काढल्या. चारही चाकांना जोर, अंगावर फालतू पत्रा नाही, आणि कुठल्याही शिपायाला रस्त्यात दुरुस्त करता येईल अशी बनावट. लढाई संपल्यावर मुंबईत महिंद्र आणि मोहम्मद या नावाची कंपनी १९४५ ला निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीत पाकिस्तानला गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही झाले. इकडं १९४८ ला कंपनीचं नाव महिंद्र आणि महिंद्र झालं आणि विलीज जीप मुंबईत जोडली जाऊ लागली.

आमच्या गावाला मात्र जीप म्हणजे सरकार. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि बीडीओ साहेबाची जीप यायला लागली. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडीचा पाया घातला, तेव्हापासून त्या बाजूला पाटबंधाऱ्याच्या जीपांची रांग असायची म्हणतात. मी जीप जवळून पाहिली ती ७२ च्या दुष्काळात. माझं वय बारा. आई-वडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला, आणि आम्ही पोरं सुकडीच्या आशेनं तिथंच. घरात मिलो ज्वारीच्या भाकरी. ओव्हरसियरची जीप कामावर यायची आणि ड्रायव्हर ती लिंबाच्या झाडाखाली लावायचा.

एक दिवस त्यानं बोनेट उघडलं. आम्ही पाच-सात पोरं भोवती. आत काय दिसलं? जमीन दिसली. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी खालची माती दिसत होती, इतकी मोकळी जागा. ड्रायव्हरकाका मडगार्डवर टेकून बसला. इंजिनाच्या बाजूला वरच एक उभा डबा होता. त्याचं झाकण त्यानं काढलं, आतला सुताचा मेणकट काळा गोळा उचलून बाहेर ठेवला, नवा घातला, झाकण लावलं, हात पुसले. बिडी पेटवून संपायच्या आत काम झालं. जुना गोळा त्यानं आमच्यापुढं टाकला आणि म्हणला, "हे बघा रे, इंजिनाच्या पोटातली घाण." आम्ही तो काडीनं उकरून पाहिला. उन्हात त्यात बारीक चमकणारे कण दिसले. मला तेव्हा वाटलं, चांदी आहे. ते बेरिंगचं झिजलेलं धातू होतं, हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

त्या जीपा पेट्रोलवर चालायच्या. १९७३ ला अरबांच्या देशांनी तेल अडवलं, पेट्रोलचे भाव भडकले आणि जीपवाल्यांना डिझेलची गरज पडली. ते डिझेल इंजिन आलं कुठून? शेतातून. १९६३ ला महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. १९६५ पासून त्यांचा बी-२७५ ट्रॅक्टर शेतात दिसू लागला. पस्तीस हॉर्सपॉवरचा, तांबडा. १९७७ ला ती ट्रॅक्टर कंपनी महिंद्रमध्येच मिळवली. त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसलं. बाहेरून जीप, आतून ट्रॅक्टरचं काळीज. म्हणून त्या डिझेल जीपा धडधडायच्या, पळायच्या कमी, पण ओढायच्या जबर. पुढं ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यानं जरा हलकी डिझेल इंजिनं आली आणि त्यासाठी इगतपुरीला कारखाना उभा राहिला.

याचा आमच्यासारख्यांना एक फायदा झाला, जो कुणी पुस्तकात लिहिलेला मला दिसला नाही. ज्याला ट्रॅक्टर कळतो त्याला जीप कळायला लागली. ट्रॅक्टरचा फिल्टर इंजिनाच्या उघड्या अंगाला. मधला लांब बोल्ट सोडायचा, वाटी खाली येते, आतला कागदाचा एलिमेंट बदलायचा, वाटी धुऊन परत लावायची. अडीचशे तास झाले की बदल. हे काम वखर धरणारा माणूस बांधावर बसून करू शकत होता आणि करतही होता. शेतातला गडी, शाळेतलं पोरगं, सगळ्यांना दिसायचं तेल कुठून कुठं जातं ते.

ऐंशी-नव्वदच्या दशकात काळी-पिवळी आली आणि जीप सरकारकडून गावाकडं आली. कन्नड, पिशोर, सिल्लोड, फुलंब्री, वैजापूर, जिकडं एसटी दिवसातून दोनदा तिकडं काळी-पिवळी दर तासाला. नवाच्या जागी अठरा माणसं, टपावर शेळ्या, मागं फळीवर पोरं. पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल टायरला असा धरतो की चाक फिरायचं थांबतं. तिथं खरी फोर व्हील लागायची. बाळंतपणाची बाई, साप चावलेला गडी, परीक्षेची पोरं, सगळ्यांची वाट त्या गाडीवर. कन्नडच्या औट्रम घाटात ह्या गाड्या दिवसातून चार-चार वेळा चढायच्या-उतरायच्या. इतकी राबणारी गाडी ड्रायव्हरच्या हातानंच जगायची. दर पाच हजार किलोमीटरला तो स्वतः खाली घुसायचा.

आणि जे ड्रायव्हरला जमायचं नाही ते औरंगाबादला. २०२३ पासून आपण छत्रपती संभाजीनगर लिहितो, तेव्हा तोंडात औरंगाबादच होतं. तिथल्या गॅरेजांतले बहुतेक उस्ताद शाळा अर्धवट सोडलेले. बापाकडून नाहीतर मामाकडून शिकलेले. कानानं इंजिन तपासायचे. मी ज्या उस्तादाकडं पंचवीस वर्षं गेलो, तो मला मामू म्हणायचा, मी त्याला उस्ताद. दुपारी त्याच्याकडचा चहा घेतल्याशिवाय गाडी मिळायची नाही. नवीन तऱ्हेच्या गाड्या यायला लागल्या तेव्हा एकदा बोनेटात वाकून तो म्हणला, "मामू, जिधर हात नै जाता, उधर नजर बी नै जाती." तेव्हा मी हसलो होतो.

हात जायचा थांबला त्याला कारणं आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत. कारखान्यातली माणसं काही मुद्दाम आपल्या कोपरांवर उठलेली नाहीत. १९५० च्या दशकात फिरवून बसवायचा डबा-फिल्टर निघाला. वाटी नाही, मधला बोल्ट नाही, आख्खा डबाच आट्यावर फिरवून काढायचा आणि फेकायचा. काम सोपं झालं, आणि त्यामुळंच तो डबा कुठंही बसवता येऊ लागला. मग इंजिनाला टर्बो आला, पॉवर स्टिअरिंगचा पंप आला, एसीचा कॉम्प्रेसर आला, धूर कमी करायची नळकांडी आली. एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आल्यावर तर त्यात आणखी भर. बोनेट तेवढंच, आत बिऱ्हाडं दुप्पट. त्यात फोर व्हील असली की खाली पुढचा डिफरन्शियल, त्याला जाणारा शाफ्ट आणि त्याला धरणारं चेसिसचं आडवं लोखंड. साध्या गाडीत जिथून हात वर जातो तीच जागा फोर व्हीलमध्ये भरलेली. गाडी चिखलातून काढणारं जे लोखंड, तेच फिल्टरच्या आड येतं.

आमच्या जिल्ह्यानं ह्या काळात गाड्या बनवायलाही सुरुवात केली. १९८५ ला वाळूजला बजाजचा कारखाना आला. २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. चेक देशाची मोटार, आणि तिचे नटबोल्ट आवळणारी पोरं करमाड-चिकलठाण्याची. २०१० च्या ऑक्टोबरात तर शहरातल्या लोकांनी मिळून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या. देशभर पेपरात फोटो छापून आले. मागास मराठवाडा म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली, ते बरंच झालं. पण माझ्या मनात एक गंमत आली. दीडशे गाड्या, आणि त्यांच्या मालकांपैकी आपल्या गाडीचा ऑइल फिल्टर कुठं आहे हे किती जणांनी पाहिलं असेल?

गंमत गंमतच राहिली असती, पण २०१८ ला तीच गोष्ट आमच्या घरावर आली. धाकट्या भावानं जुन्या बाजारातून एक डिझेल फोर व्हील घेतली होती. दूध, खत, कांदा, पाहुणे, सगळं तिच्यावर. तो शहरातल्या एका गॅरेजात वेळेवर सर्व्हिसिंग करायचा. सगळ्या पावत्या पिशवीत घालून ठेवलेल्या. प्रत्येक पावतीवर ऑइल आणि ऑइल फिल्टर, दोन्हींचे पैसे. दिवाळीनंतर कापूस घेऊन निघाला आणि रस्त्यातच इंजिन खडखडलं, मग बंद पडलं. बेरिंग गेली होती, क्रँक चरला होता. दुसऱ्या मेकॅनिकनं इंजिन खाली उतरवलं तेव्हा फिल्टर पहिल्यांदा सगळ्यांना दिसला. वरून पुसलेला, दिसणाऱ्या बाजूनं चकचकीत. मागची बाजू मात्र चिखलाचा दगड. डबा कापला तर आतला कागद आकसून कोळसा झालेला. निदान तीन सर्व्हिसिंग तो तसाच राहिला असणार. हात पोचत नाही म्हणून कुणी बदलला नाही, आणि नजर पोचत नाही म्हणून कुणी विचारलं नाही. आत ती झडप महिनोन्‌महिने उघडी होती आणि इंजिन गाळ पीत होतं.

वीस क्विंटल कापूस त्या इंजिनात गेला. आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बोंडं खाल्ली होती, त्यामुळं ते वीस क्विंटल म्हणजे पोरीच्या फीचे, सोसायटीच्या हप्त्याचे पैसे होते. भाऊ पावत्या घेऊन गॅरेजात गेला. तिथं त्याला सांगितलं, पावतीवर फिल्टर आहे, म्हणजे बदललेला आहे. कागद त्यांच्या बाजूनं, कोळसा आमच्या बाजूनं. भाऊ परत आला आणि दोन दिवस जेवला नाही.

त्यानंतर आम्ही ठरवलं, फिल्टर घरीच बदलायचा. कसा बदलतो ते सविस्तर सांगतो, कुणाला उपयोगी पडेल.

गाडी सपाट जागी लावायची. दहा मिनिटं चालवून इंजिन कोमट करायचं, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट निघतं. फार तापवायचं नाही, हात भाजतो. चाकांना दगड लावायचे. आमच्या गाडीत फिल्टर ना वरून सापडतो ना खालून. वाट आहे ती पुढच्या चाकाच्या वरून, मडगार्डच्या आतून. म्हणून त्या बाजूचं चाक काढायचं. जॅकवर विश्वास ठेवून गाडीखाली कधी जायचं नाही. चेसिसखाली स्टँड नाहीतर सागवानी ओंडके हवेतच, आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवायचं. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक चार क्लिपांवर असतं, ते काढलं की अंधारात डबा दिसतो. बॅटरी डोक्याला बांधायची, हात मोकळे राहतात.

आधी खालचा ड्रेन नट काढून तेल घमेल्यात. मग फिल्टर. साखळीचा पाना तिथं फिरत नाही, जागा नाही. बरेच जण डब्यात स्क्रू ड्रायव्हर ठोकून आरपार घालतात आणि फिरवतात. जाम बसलेला असला तर पत्रा फाटतो, आटा तसाच राहतो आणि आणखी पंचाईत. आम्ही पॉलिश पेपरची पट्टी खरबरीत बाजू आत करून डब्याला गुंडाळतो आणि तळहातानं दाबून फिरवतो. डब्याच्या बुडाकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट. हलत नसला तर टोपीसारखा बसणारा पाना मिळतो, तो मापाचा घ्यायचा. सुटला की पहिलं गरम तेल मनगटावरून कोपरापर्यंत येतं. त्याला इलाज नाही.

माझा हात तिथं नीट जात नाही. नांगर धरून बोटं जाड झालीत. भावाचा तर त्याहून जाड. आमची नात पॉलिटेक्निकला आहे, सुटीत आली होती. म्हणली, "आबा, सरका बरं जरा." तिचा हात सांदीतून सहज गेला. तिनं डबा काढला आणि लगेच दुसरा नवा चढवायला मी पुढं केला, तर म्हणली, "थांबा. वायसर कुठाय?" काढलेल्या डब्याच्या तोंडाला रबराचं वायसर नव्हतं. ते वर इंजिनालाच चिकटून राहिलं होतं. तिनं बोटानं चाचपून ते सोलून काढलं. हे राहिलं असतं तर जुन्या वायसरवर नवं वायसर बसलं असतं, आणि दाब येताच दोन्हींच्या मधून तेल उडालं असतं. पाच मिनिटांत चेंबर रिकामं आणि इंजिन जाम. डोळ्याला ते दिसतच नव्हतं, बोटाला कळलं.

पुढचं सोपं आहे. नव्या वायसरला नव्या तेलाचं बोट फिरवायचं. फिल्टर उभा बसत असेल तर त्यात आधी थोडं तेल भरायचं, म्हणजे पहिल्या क्षणी बेरिंग कोरडी राहत नाहीत. हातानं फिरवत न्यायचा. वायसर टेकलं की त्याच्यापुढं पाऊण फेरा, तोही हातानंच. पान्यानं आवळणारा माणूस पुढच्या वेळी बदलणाऱ्याचा वैरी. ड्रेन नट लावायचा, तेल मापानं ओतायचं, गाडी चालू करायची आणि तेलाचा दिवा विझेपर्यंत रेस करायची नाही. बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक पाहायची, फिल्टरच्या तोंडाला कोरडी चिंधी फिरवून ओल आहे का बघायची. शेवटी डब्यावर मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहायचे, बाहेरून वाचता येईल अशा बाजूला.

हे सगळं प्रत्येकानं घरी करावं असं मी म्हणत नाही. पण यंत्र बनवतानाच दुरुस्त करणाऱ्याच्या हाताचा विचार करता येतो, आणि आमच्याच मुलखात तो झालेला आहे. खडकात बोअर पाडून त्यावर बसवलेले सुरुवातीचे हातपंप सारखे मोडायचे. साठच्या दशकात जालन्याला, तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, मिशनच्या लोकांनी एक मजबूत हातपंप तयार केला. त्यावरून सोलापूरला सुधारलेला पंप निघाला, आणि त्यावरून युनिसेफ व भारत सरकारनं सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू बनवला. तो देशोदेशी गेला. पण तो बिघडला की जमिनीखालचे सगळे पाइप वर ओढावे लागायचे. त्याला तिकाटणं, जड अवजारं, तालुक्याची गाडी, पाच-सहा माणसं. तोवर बाया दोन-दोन मैल पाणी आणणार. म्हणून ऐंशीच्या दशकात मार्क थ्री आला. त्यात पाइप जरा रुंद ठेवले, म्हणजे पाइप न काढता आतला दट्ट्या आणि झडप वरूनच ओढून काढता येते, वायसर बदलून परत सोडता येतं. गावातला माणूस गावातच करू शकेल. पाणी तेवढंच, पंप तसाच दिसायला, पण दुरुस्ती गावाच्या हातात आली.

मोटारीच्या बाबतीतही आता थोडी हालचाल आहे. २०२२ च्या जुलैत केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्या डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही काढलं. त्यात जे चार विभाग धरले त्यांत शेतीची अवजारं आहेत आणि मोटारीही आहेत. कंपन्यांनी माहिती, सुटे भाग ग्राहकाला आणि बाहेरच्या मेकॅनिकला मिळू द्यावेत, असा त्याचा रोख. चांगलं आहे. पण पोर्टलवर माहिती असून काय, तो भाग डोळ्याला दिसला पाहिजे.

म्हणून माझं सांगणं एवढंच. गाडी घरी बदला की गॅरेजात, फिल्टर कुठं बसवलाय ते एकदा खाली वाकून पाहून ठेवा. सर्व्हिसिंगला द्यायच्या आधी जुन्या डब्यावर रंगाची रेघ मारा. काढलेला डबा परत मागून घ्या, पावतीच्या आधी. घेतला की पत्रा कापून कागद उलगडा आणि उन्हात धरा. नुसता काळा असेल तर ती काजळी, डिझेल इंजिनात ती असणारच. चमकणारे कण दिसले तर मोठं काम निघायच्या आत उस्तादाकडं जा.

आणि निघालेलं जळकं तेल ओढ्यात किंवा उकिरड्यावर सोडू नका. पूर्वी आम्ही ते बैलगाडीला लावायचो, वाळवीसाठी मेढींना फासायचो. आता गाडीभर निघतं, बैलगाड्या राहिल्या नाहीत. आम्ही ते कॅनमध्ये साठवतो आणि तेल गोळा करणारा आला की त्याला देतो. आमची विहीर गोठ्यापासून तीस पावलांवर आहे आणि त्याच पाण्यावर आम्ही आणि जनावरं जगतो.